अपघातात पाय गेला आणि विमा कंपनी अडीच लाख देतेय : सही करावी का?

तुम्ही लिहिलेली हकीगत थोडक्यात अशी. भाऊ 34 वर्षांचा, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर, पगार 22 हजार आणि तोही रोख. दोन महिन्यांपूर्वी काम संपवून चाकणहून मोटारसायकलवर घरी येताना चुकीच्या बाजूने आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. टेम्पोच्या विमा कंपनीकडून आलेला माणूस "अडीच लाख लगेच घ्या, कोर्टात वर्षानुवर्षं जातील" म्हणतोय. सही करावी का, कोर्टात किती मिळेल आणि किती वेळ लागेल, हे तुमचे तीन प्रश्न.

आधी सहीचं बघू. आत्ता कुठल्याही कागदावर सही करू नका. अडीच लाख हा आकडा त्या माणसाने मनाने काढलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला मिळणारी ती ठरीव रक्कम आहे (मृत्यू झाला तर पाच लाख). चूक सिद्ध करायची नसल्यामुळे ती लवकर मिळते, हे खरं. पण कलम 166 च्या (समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचं कलम) परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत, स्पष्ट म्हटलंय की कलम 149 च्या (विमा कंपनीशी तडजोडीच्या) पद्धतीने ही रक्कम एकदा स्वीकारली, की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचा मुख्य दावा संपतो. म्हणजे पुढे दहा-वीस लाखांचा हक्क असेल तर तोही जातो. त्या माणसाला एवढंच विचारा : हा प्रस्ताव कोणत्या कलमाखाली आहे आणि आकड्याचा हिशेब कसा केला, ते कंपनीच्या लेटरहेडवर लेखी द्या. लेखी प्रस्ताव नाकारल्याने काहीही बिघडत नाही. नाकारला की न्यायाधिकरण गुणदोषांवर सुनावणीची तारीख लावतं. स्वतःची चूक असेल किंवा समोरच्याची सिद्धच करता येणार नसेल, त्या जखमीसाठी 164 उपयोगाचं आहे. टेम्पो चुकीच्या बाजूने आल्याचं पंचनाम्यात असेल, तर तुमच्या भावाला त्याची गरज नाही.

आता मुदत. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करायची अट परत आली आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. तरीही अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे चार महिने आहेत आणि दावा दाखल करायला अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात असावंच लागतं असं नाही. ते पुराव्याच्या वेळी लागतं. दावा अपघाताच्या ठिकाणच्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा टेम्पोमालक राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. तारखांना कुबड्या घेऊन जावं लागू शकतं हे लक्षात ठेवून जवळचं ठिकाण निवडा.

"पोलीस म्हणतात आम्हीच कागद पाठवतो," असंही तुम्ही लिहिलंय. ते चूक नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, आणि तो अहवाल दावा म्हणून धरता येतो. पण त्या अहवालात भावाचा पगार, कामाचं स्वरूप, कृत्रिम पायाचा खर्च यातलं काहीच नीट येत नाही. म्हणून स्वतःचा कलम 166 चा अर्ज वेगळा करा. पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, फॉर्म कॉम्प एए (अपघाताची माहिती देणारा पोलिसांचा फॉर्म), दोन्ही गाड्यांचा तपासणी अहवाल, टेम्पोचं आरसी, पॉलिसी, चालकाचं लायसन्स आणि पुढे दोषारोपपत्र यांच्या नकला घ्या. पंचनाम्याचा नकाशा आजच बघा. टेम्पोचा घसरा, काचांचे तुकडे आणि मोटारसायकल रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडली हे त्यात नोंदलेलं असतं, आणि चूक कोणाची हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. नकाशा उलटा काढला असेल तर आत्ताच लेखी हरकत द्या. दीड वर्षाने उलटतपासणीत ते सुधारत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय, "सर्टिफिकेट 70 टक्क्यांचं मिळालं तर किती मिळतील?" सगळी गफलत इथेच होते. सरकारी मंडळ देतं ती टक्केवारी त्या अवयवाची असते. गुडघ्याखाली कापलेल्या पायाला ती साधारण 60 ते 70 च्या घरात जाते. न्यायाधिकरण मात्र वेगळी टक्केवारी शोधतं : या माणसाची कमाईची ताकद किती गेली? सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालात हे उदाहरण देऊन सांगितलंय. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, पण तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर नोकरी टिकू शकते. म्हणजे प्रमाणपत्रावर 70 असून न्यायाधिकरण 35 धरू शकतं आणि 60 असून 100 ही धरू शकतं. 2020 च्या पप्पू देव यादव प्रकरणात उजवा हात गमावलेल्या डेटा एंट्री ऑपरेटरचं प्रमाणपत्र 89 टक्क्यांचं होतं. उच्च न्यायालयाने 45 धरले, सर्वोच्च न्यायालयाने ते 65 केले. एकच माणूस, एकच हात, आणि तीन आकडे.

हा आकडा वकिलाच्या भाषणाने वर जात नाही, कामाचं वर्णन पुराव्यात आलं तरच जातो. "वेल्डर होता, आता काम करता येत नाही" एवढ्याने भागत नाही. अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात असं लिहा : दिवसाचे किती तास उभं राहून काम, किती वेळ उकिडवं किंवा गुडघ्यावर बसून, शिडीवर किंवा मचाणावर किती उंचीवर चढावं लागतं, ग्राइंडर आणि सिलेंडर कोण उचलतं, साइटवर जावं लागतं का. उकिडवं बसायला घोट्याची हालचाल लागते आणि साध्या कृत्रिम पायात ती जवळपास नसते. शिवाय सॉकेटमध्ये (उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा भाग) घामाने कातडी सोलवटते, वेल्डिंगच्या उष्णतेत ते आणखी वाढतं. हे सांगायला दोन साक्षीदार लागतात : वर्कशॉपचा मालक किंवा सोबतचा कामगार, आणि ज्याने ऑपरेशन केलं तो डॉक्टर. डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर नुसता कागद बरेचदा टिकत नाही. जखमीला कधी न तपासलेल्या डॉक्टरचं तयार प्रमाणपत्र तर उलट नुकसानच करतं. प्रमाणपत्र जखम पूर्ण भरून स्टंप (कापल्यावर उरलेला पायाचा भाग) स्थिर झाल्यावर सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून घ्या. त्यात स्टंपची लांबी, गुडघा किती वाकतो, कातडी रोपण केलं आहे का, मज्जातंतूची गाठ किंवा नसलेल्या पायातल्या वेदना आहेत का, हे नोंदवायला सांगा.

दुसरा कळीचा आकडा उत्पन्नाचा. रोख पगाराचं काहीच नाही असं समजू नका. वर्कशॉपची हजेरीवही, मालकाचं पत्र आणि तोच मालक साक्षीला, फोनवर आलेले यूपीआयचे पैसे, बँकेत दरमहा भरलेली रक्कम, घराचा किंवा गाडीचा हप्ता, आयटीआयचं किंवा वेल्डिंगचं प्रमाणपत्र हे सगळं चालतं. मालक नुसतं पत्र देतो आणि साक्षीला येत नाही, तेव्हा 22 हजार सिद्ध होत नाहीत आणि न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास येऊन थांबतं. मालकाला साक्षीला यायची भीती वाटते, कारण त्याने पीएफ-ईएसआय (कामगार राज्य विमा) भरलेलं नसतं. त्याच्याशी आत्ताच मोकळेपणाने बोला, नाहीतर पुढे न्यायालयातून समन्स काढावं लागेल.

हिशेब असा. मासिक उत्पन्नात भविष्यातल्या वाढीची भर घालायची. पगार ठरीव किंवा स्वतःचा धंदा असेल तर 40 वर्षांखाली 40 टक्के (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, 2017). त्याला 12 ने गुणायचं, मग वयाच्या गुणकाने, 31 ते 35 वयाला 16 (सरला वर्मा, 2009). शेवटी कमाईच्या नुकसानीची टक्केवारी. मृत्यूच्या दाव्यात होते तशी वैयक्तिक खर्चाची वजावट जखमीच्या दाव्यात होत नाही. 22 हजार सिद्ध झाले आणि 60 टक्के धरले तर 22,000 अधिक 40 टक्के म्हणजे 30,800. गुणिले 12, गुणिले 16, म्हणजे 59,13,600. त्याचे 60 टक्के 35,48,160. आता तेच 12 हजार उत्पन्न आणि 40 टक्के धरून करून बघा : 12,90,240. पाय तोच, अपघात तोच, आणि फरक साडेबावीस लाखांचा. म्हणून "किती मिळेल" याचं उत्तर आज कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. पण अडीच लाख हे उत्तर नक्कीच नाही.

यात कृत्रिम पाय अजून आलेलाच नाही, आणि इथे लोक सगळ्यात जास्त सोडून देतात. एका पायाचं बिल जोडतात आणि थांबतात. पण पाय आयुष्यभर पुरत नाही. पहिल्या वर्षात स्टंप आकसतो, सॉकेट सैल होतं आणि नवीन करावं लागतं. सिलिकॉनचा लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर) त्याहून लवकर झिजतो. पूर्ण पाय पाच-सहा वर्षांनी बदलावा लागतो, आणि मोहम्मद साबीर प्रकरणात (2022) सर्वोच्च न्यायालयाने हेच लक्षात घेऊन पुढच्या खरेदीची आणि देखभालीची रक्कम वेगवेगळी दिली. तुम्ही कृत्रिम अवयव बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून असं कोटेशन घ्या ज्यात सॉकेट, लायनर, पाइप, पाऊल यांची किंमत वेगवेगळी आणि प्रत्येकाचं अंदाजे आयुष्य लिहिलेलं असेल, आणि त्यालाच साक्षीला बोलवा. वेल्डरला कुठल्या प्रकारचा पाय लागेल हेही त्यात येऊ द्या. फुकट मिळालेल्या साध्या पायावर तो आज चालतोय म्हणून चांगला पाय मागायचा नाही, असं नाही. दरम्यान पाय बसवायला पुण्यात वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र आणि मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही दोन्ही ठिकाणं विचारण्यासारखी आहेत.

भरपाईत मागायच्या बाकीच्या बाबी पटकन सांगतो. रुग्णालय आणि औषधांची मूळ बिलं, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, तारखेप्रमाणे लावून. काम बंद असलेल्या महिन्यांचा पगार. रिक्षा, अॅम्ब्युलन्स, विशेष आहार. घरच्या माणसाने सेवा केली असली तरी सेवकाचा खर्च. वेदना, आयुष्यातल्या सुखसोयींचं नुकसान, आणि लग्न व्हायचं असेल तर त्यावरचा परिणाम. मेडिक्लेमने बिल भरलं असेल तरी ते मागा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ठरवलंय की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा होत नाही. आणि अर्जात आकडा कमी लिहिला गेला तरी घाबरू नका, योग्य भरपाई मागितल्यापेक्षा जास्त असेल तर न्यायाधिकरण ती देऊ शकतं (नागप्पा, 2003).

विमा कंपनी काय म्हणेल? हेल्मेट नव्हतं, म्हणून तुमचीही चूक. हेल्मेट न घालणं हा गुन्हा आहेच, पण गुडघ्याखालच्या इजेशी त्याचा काय संबंध, हे तुमच्या वकिलाने विचारलं पाहिजे. अपघात व्हायला किंवा ती इजा व्हायला जी गोष्ट कारण नाही, तिच्यासाठी भरपाई कापायला आधार राहत नाही. ट्रिपल सीट, दारू किंवा उलट्या दिशेने गाडी असती तर बोलणं वेगळं. दुसरा बचाव टेम्पोचालकाच्या लायसन्सचा. साध्या हलक्या वाहनाचं लायसन्स असलं तरी 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय. लायसन्स अजिबात नसेल, तरी बहुतेकदा "आधी कंपनीने द्या, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश होतो, आणि जखमीचे पैसे अडकत नाहीत. खरी अडचण टेम्पोची पॉलिसीच संपलेली असेल तर आहे. मग वसुली मालकाच्या मालमत्तेवर, म्हणून पॉलिसी नंबर आणि मुदत आजच तपासा.

काम सुटून घरी येताना अपघात झाला, यामुळे आणखी एक वाट उघडते. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 खाली (21 नोव्हेंबर 2025 पासून कर्मचारी भरपाई कायदा, 1923 ची जागा तिने घेतली) मालकाकडून भरपाई मागता येते, आणि कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, त्यात येतो असं जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात ठरलंय. पण जुन्या कायद्यात वेतन महिना 15 हजारांच्या वर धरत नसत आणि गुडघ्याखालच्या पायाला अनुसूचीत साधारण 50 टक्के होते, त्या हिशेबाने तुमच्या भावाच्या वयाला सुमारे नऊ लाख होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 167 प्रमाणे दोन्हीपैकी एकच वाट निवडावी लागते. चूक टेम्पोची असेल तर 166 बरं. चूक सिद्ध होणं अवघड असेल तर हे. भाऊ ईएसआयमध्ये असेल तर "कामावरची इजा" म्हणून लाभ घेण्याआधी वकिलाशी बोला. पूर्वीच्या ईएसआय कायद्यातल्या कलम 53 सारख्या मनाईचा आधार घेऊन टेम्पोची विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते.

या दाव्याच्या बाहेरचे पैसे विसरू नका. मोटारसायकल भावाच्या नावावर असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कवच असेल, तर एक अवयव गेल्यावर त्याचे 50 टक्के, म्हणजे साडेसात लाख, चूक कोणाची हे न बघता मिळतात. अपघाताच्या वेळी वैध लायसन्स मात्र हवं. बँकेच्या पासबुकात वर्षाला 20 रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, एका पायाला एक लाख. घरी सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एका अवयवासाठी एक लाखाची तरतूद आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. यातल्या काही ठिकाणी कळवण्याची मुदत 30 दिवसांची असते. ती टळली असेल तरी रुग्णालयात दाखल असल्याचा दाखला जोडून आणि उशिराचं कारण लिहून अर्ज करा.

वेळेबद्दल खरं सांगायचं तर ते तुमच्या न्यायाधिकरणातल्या गर्दीवर आणि साक्षीदार वेळेवर येतात का यावर आहे. दोन ते चार वर्षं धरून चला. दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज मिळतं, त्यामुळे उशिराचं नुकसान थोडं भरून निघतं. मधे लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून अपंगत्व आणि उत्पन्नाचा पुरावा नोंदवून झाल्यावरच तिथे बसा. पुरावा आत गेला की कंपनीचा आकडाही बदलतो. निकाल कमी लागला तर उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील आहे.

वकील निवडताना "जे मिळेल त्याचे तीस टक्के" अशी बोली मान्य करू नका. मिळणाऱ्या रकमेच्या हिश्शावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अपंग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही नको, आणि भरपाई भावाच्या स्वतःच्या बँक खात्यात येईल हे बघा. मोठा भाग मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होतो. पाय बदलायच्या वर्षांना जुळेल अशा तुकड्यांत ठेवी मागितल्या तर पैसे मोडावे लागत नाहीत.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं पण घराघरांत चालणारं. भरपाई कमी होईल म्हणून भावाला घरी बसवून ठेवू नका. टेबलावर बसून करायचं काम, बिलिंग, सुपरवायझरी, जे मिळेल ते त्याने करावं, आणि न्यायालयात जसं आहे तसं सांगावं. 22 हजारांचा वेल्डर आता 11 हजारांवर बसून काम करतो, ही पगाराची चिठ्ठी त्याच्या नुकसानीचा चांगला पुरावा आहे. याउलट "काहीच करत नाही" असं शपथेवर सांगितलं आणि कंपनीच्या तपासनीसाने दुकानात बसलेल्याचा व्हिडिओ दाखवला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. पंचनाम्याची नक्कल आणि पॉलिसीचा तपशील मिळाला की इथे लिहा. चूक आणि विमा या दोन गोष्टी स्पष्ट झाल्या की 166 की कर्मचारी भरपाई, हे नक्की सांगता येईल.